पाळक निवडायचा, बाई बघायची

नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन खरं तर साहेबांसाठी होता. 'सेवेतले अनुभव लिहून द्या' म्हणाले. साहेबांना लिहायचा कंटाळा. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हिला सांगा, हिला सगळं पाठ आहे." संपादक जरा घुटमळले. "बाई, पण सेवा तर साहेबांनी केली ना?" असं त्यांनी विचारलं मात्र, आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की आता लिहायचंच. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या.

आमच्यातलं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. चर्चमध्ये उपासना चालवतो, लग्नं लावतो, मयताला कबरस्तानात जातो तो पाळक. चर्चला येणारी सगळी कुटुंबं मिळून मंडळी. मंडळीचा कारभार बघतात ते पंच. आणि पाळकाची बायको ती पाळकीणबाई. साहेब म्हणजे माझा नवरा, तो पाळक, आणि मी पाळकीणबाई. पाळकाला नेमणूक असते, पगार असतो, राहायला चर्चच्या आवारात बंगला असतो. बंगला नुसता म्हणायला. तीन खोल्या आणि पावसाळ्यात गळणारं स्वयंपाकघर. पाळकीणबाईंना नेमणूक नाही, पगार नाही, सुट्टी नाही आणि निवृत्तीही नाही. कामं मात्र अशी, की विचारता सोय नाही.

आमचे एक आढाव काका होते, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. उपासना सुटली की घरी जाण्याऐवजी तडक बंगल्यावर यायचे, साहेबांच्या उपदेशात काय काय चुकलं ते सांगायला. साहेब दमून आडवे झालेले असायचे. मग काकांसमोर कोण बसणार? मी! मी तवा ठेवायची. पहिल्या थालीपिठाला काका उपदेशावर असायचे, दुसऱ्याला घसरून सुनेवर यायचे. असं करत करत त्यांचं सगळं घर मला कळलं. पुढे सून मुलांना घेऊन माहेरी निघून गेली, तेव्हा काका भर दुपारी आले आणि माझ्या स्वयंपाकघरात लहान मुलासारखे रडले. मी सुनेच्या माहेरी दोन खेपा घातल्या, दोघांची तोंडं एकमेकांकडे केली, तिला परत आणली. साहेबांनी पुढच्या रविवारी क्षमेवर उपदेश दिला. लोक बाहेर पडताना म्हणत होते, साहेबांना माणसाची नाडी किती कळते! मी शेजारी उभी राहून हसत होते. पाळकीणबाईंनी दाराशी उभं राहून हसायचं असतं, तेही कामच आहे.

मंडळीतली एखादी बाई गेली की तिला अंघोळ घालायला आणि साडी नेसवायला मला बोलावायचे. घरच्या बायकांचे हात थरथरतात, ते मी समजू शकते. मार्थाबाई म्हणून एक म्हातारी होती. मी तिला पुसून काढत होते आणि तिच्या दोघी मुली पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून पाटल्या कुणी काढायच्या यावर भांडत होत्या. मी म्हणाले, "दोघी बाहेर व्हा. ही माझ्या ताब्यात आहे तोवर हिला कुणी हात लावायचा नाही." आणि दार लावून घेतलं. त्या दोघी पुढे वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मार्थाबाईला मात्र मी झकास निरी घालून, वेणी घालून पाठवली.

हे मला जमायचं, कारण मी नर्स होते. मनमाडला रेल्वेच्या दवाखान्यात कायम नोकरी, पांढरा युनिफॉर्म, स्वतःचा पगार. बाळंतपणाला आलेल्या बायका मला नावानं हाक मारायच्या. ती नोकरी कशी गेली ते आता सांगते, कारण पाळक निवडतात कसा हे त्याशिवाय कळायचं नाही.

आमची मंडळी स्वतंत्र आहे. वरून कुणी पाळक पाठवत नाही, आपला आपण निवडायचा. जागा रिकामी झाली की आधी प्रार्थनेचा आठवडा होतो. देवा, तुझ्या इच्छेचा माणूस पाठव, असं सगळे डोळे मिटून म्हणतात. डोळे उघडले की पंच बसतात आणि वय काय असावं, आवाज कसा असावा, मुलं किती असावीत ते ठरवतात. मग अर्ज करणाऱ्यांतले दोघं-तिघं निवडून एकेकाला एकेका रविवारी बोलावतात. त्यानं उपदेश करायचा, दुपारी मंडळीबरोबर जेवायचं, संध्याकाळी पंचांसमोर बसायचं. बायकोला घेऊन यायचं. ते कुणी सांगत नाही, पण न आणणाऱ्याचं नाव पुढे जात नाही.

आणि दुपारच्या त्या जेवणात एक रीत आहे. पंगत बसली की महिला संघाच्या अध्यक्ष मटणाच्या रश्शाची बादली पाहुण्या बाईंच्या हातात देतात. "घ्या पाळकीणबाई, तुमच्या हातानं सुरुवात." ऐकायला किती गोड! पण पंगतीतल्या सगळ्या बायकांचे डोळे त्या पळीवर असतात. पीस तळाला बसलेले असतात ना. बाई तळापासून ढवळून वाढते की वरवरचा रस्सा ओतते? पंचांना चांगले पीस आणि टोकाला बसलेल्या गरीब घरांना नुसतं पाणी, असं करते का? वाकताना कपाळाला आठ्या पडतात का? परीक्षा आहे असं म्हटलेलं कुणाला आवडत नाही. पण संध्याकाळपर्यंत निकाल पंचांच्या कानावर गेलेला असतो.

मला सासूबाईंनी आधीच सावध केलं होतं, त्याही पाळकीणबाईच होत्या. मी तळापासून ढवळलं, सगळ्यांना सारखं वाढलं, कडेवर पोर असलेल्या बाईला दोन पीस जास्त घातले. पास झाले! संध्याकाळी पंचांची बैठक. मी चहाचा ट्रे घेऊन दारात पोचले, तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "साहेब, बाईंच्या नोकरीचं काय?" आणि साहेब म्हणाले, "ती सोडणार आहे. आमचं ठरलंय."

ठरलंय? कधी ठरलं? कुणाशी ठरलं? मी त्या खोलीत उभी होते आणि माझ्या नोकरीचा निकाल मलाच तिथे पहिल्यांदा कळत होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवली. मी काय करणार? चहा दिला.

मनमाडच्या आमच्या मेट्रन मोठ्या कडक होत्या. राजीनामा द्यायला गेले तर म्हणाल्या, "शीला, वेड लागलंय का तुला?" मी म्हणाले, "मॅडम, देवाची सेवा आहे." त्या म्हणाल्या, "मग इथे इतके दिवस काय सैतानाची करत होतीस?" तेव्हा मी हसले होते. आता आठवलं की हसू येत नाही, संताप येतो.

साहेब दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. बंगला सोडावा लागला. मुलगा सातपूरला कंपनीत आहे, त्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. त्याची रात्रपाळी असली की दिवसा सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. निवृत्त पाळकानं नव्या निवडीत नाक खुपसायचं नाही असा आमच्यात नियम आहे आणि साहेब नियमाचे पक्के, ते त्या दिवसांत चर्चच्या बाजूला फिरकलेही नाहीत. पंचांचं मात्र पाऊल पुढे पडत नव्हतं. या नावाला हा नाही म्हणायचा, त्या नावाला तो. तोवर उपदेश द्यायचे भालेराव सर. ते पंचांचे चेअरमन, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा उपदेश म्हणजे शाळेची प्रार्थना संपल्यावरच्या सूचना. लोक कंटाळून गेले होते.

एक दिवस हेच सर आमच्या घरी आले. साहेबांशी हवापाण्याचं बोलले आणि मग माझ्याकडे वळले. "पाळकीणबाई, शेवटी तीन नावं ठरलीत. पाळक आम्ही बघतो. मिसेसचं तेवढं तुम्ही बघा."

"म्हणजे काय बघू, सर?"

"तेच आपलं. स्वभाव. माणसांत मिसळतात का. आणि नोकरीबिकरीची भानगड नको बाई, ते आधीच विचारून घ्या. तुमची नजर आहे."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझं मत विचारायला कुणी घरी आलं नव्हतं. अंगावर मूठभर मांस चढलं आणि मी गेले.

पहिले पाळक संगमनेरकडचे. त्यांच्या बाईंचा गळा इतका मोठा, की गायनमंडळ गपगार झालं. जेवताना त्यांनी बादली घेतली आणि सगळे पीस पहिल्या रांगेतच संपवले. महिला संघाच्या अध्यक्ष विमलताई माझ्या कानात म्हणाल्या, "ही आपल्याला बाजूला बसवील." विषय संपला.

दुसरे जालन्याकडचे, वयानं मोठे, उपदेश लांबलचक. मागचे बाक डुलक्या घेत होते. त्यांच्या बाईंचं नाव लता. मान खाली, पदर दोन्ही खांद्यांवरून. बादली घेतली, ढवळून वाढलं, एक थेंब सांडला नाही. मी त्यांच्याशी बोलायला गेले. "तुम्हाला कसली आवड आहे, बाई?" त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "तिला सगळंच आवडतं." विमलताईंनी तिथल्या तिथे पसंती देऊन टाकली. मला त्या बाईची दया आली आणि थोडा रागही आला. राग कशाचा ते तेव्हा कळलं नाही.

तिसरा आशिष. पोरगाच म्हणायचा. इगतपुरीला पाच-सहा घरांची मंडळी सांभाळायचा, ती घरंही पावसाळ्यात येतील तेव्हा येतील. त्यानं कागद न बघता थोडकाच उपदेश केला आणि मंडळीत कितीतरी दिवसांनी कुणी खोकलं नाही. भालेराव सरांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. पसंत!

त्याची बायको स्नेहल. पंजाबी ड्रेस, केसांचा घट्ट अंबाडा, डोळे झोपेनं लाल. उपासना सुटते न सुटते तोच पोरांना कळलं की ही रेल्वेचं इंजिन चालवते, आणि पोरांनी तिला गराडा घातला. "आंटी, हॉर्न कसा वाजवता?" तिनं दोन्ही हात तोंडाशी नेऊन असा काही हॉर्न वाजवला, की आवारातली कुत्री भुंकायला लागली. पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. विमलताई मला म्हणाल्या, "अगं बाई! पाळकीणबाई इंजिन चालवणार? काय काय बघायचंय अजून."

पंगत बसली. विमलताईंनी बादली पुढे केली. "घ्या पाळकीणबाई, तुमच्या हातानं सुरुवात."

स्नेहलनं बादलीकडे बघितलं, मग विमलताईंकडे. "मी? अहो ताई, मी तर आज पाहुणी आहे ना? ड्युटीवरून सरळ इकडे आलेय, जाम भूक लागलीये. तुम्ही पण बसा ना, आपलं आपण वाढून घेऊ." आणि कॉलेजच्या पोरींच्या मध्ये फतकल मारून बसलीसुद्धा!

विमलताई बादली धरून तशाच उभ्या. मला हसू आवरेना, मी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात आशिष उठला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "द्या ताई, मला सवय आहे." त्यानं तळापासून ढवळून सगळ्या पंगतीला वाढलं. चांगलं वाढलं हो! पण चेहरे असे झाले होते, जसं काही त्यानं सगळ्यांसमोर सदरा काढला.

जेवण झाल्यावर स्नेहल आपलं ताट घासून माझ्याजवळ आली. आम्ही नळापाशी बोलत उभ्या राहिलो. तिचे वडील इगतपुरीलाच रेल्वेत गँगमन होते, रुळांवरून चालत चालत आयुष्य गेलं. हिनं ठरवलं आपण त्या रुळांवरून गाडी न्यायची. परीक्षेत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा लागली. कसाऱ्याहून घाट चढताना गाडीला मागून जास्तीचं इंजिन लावतात, ढकलायला. त्याच्यावर ती असिस्टंट. "सिग्नल दिसला की तो मोठ्यानं म्हणायचा असतो आंटी, मग ड्रायव्हर तोच परत म्हणतो. म्हणून माझा आवाज असा झालाय." पावसात घाटात ढग खाली उतरतात, सिग्नल अगदी जवळ आल्यावर दिसतो, तेव्हा काय मजा येते ते सांगताना तिची झोप पार उडाली होती.

मग तिनं आवाज खाली आणला. "आंटी, सकाळपासून सगळ्या विचारतायत, नोकरी सोडणार ना? मला नाही हो सोडायची. पण आशिषला ही मंडळी फार हवीये. तिकडे तो रिकाम्या बाकांना उपदेश करतो. माझ्यामुळे त्याची ही जागा गेली तर?"

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, तुझी नोकरी आहे, तुझं तू बोल."

मी तिच्याकडे बघतच राहिले. असा नवरा असतो? असू शकतो? खरं सांगते, त्या पोरीचा मला हेवा वाटला. पण मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मग खरं तेच बोल. घाबरू नकोस, मी आत आहे."

संध्याकाळी पंच बसले. मला कोपऱ्यात खुर्ची दिली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर सरांनी घसा खाकरला. "पाळकसाहेब, मिसेसच्या नोकरीचं काय ठरवलंय?"

आशिष म्हणाला, "ते तिला विचारा, सर. नोकरी तिची आहे."

सरांना ही सवयच नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि स्नेहलकडे न बघता तिला विचारलं, "हं. मग?"

"मी नोकरी सोडणार नाही, सर." सिग्नल म्हणावा तसं, स्वच्छ. "सुट्टी असेल त्या रविवारी मी येईन. मंडळीत मला जमेल ते करीन. पण कामावर जाईन."

एक पंच म्हणाले, "आणि मयत झालं, कुणाचं भांडण झालं, तर बायकांनी बंगल्यावर कुणाकडे यायचं? कुलपाकडे?"

"मंडळीत इतक्या बायका आहेत ना काका. एकमेकींकडे जातील. आणि आशिष असेल ना घरी. त्याच्याकडे येतील."

त्या दोघांना बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लागलं. सगळ्यांचं एकमत होतं, पोरगा सोनं आहे. आणि मग तो 'पण' आला. पण बाई जड जाईल. पण बादलीसुद्धा घेतली नाही हो. पण उद्या आपल्या पोरी तेच शिकतील. मी ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "सर, मला मिसेसचं बघायला सांगितलं होतंत. मी बघितलं. मुलगी सरळ आहे, कष्टाची आहे, पोरांना दोन मिनिटांत तिचा लळा लागला. पाळक तुम्हाला पसंत आहे, तर त्याला घ्या. तिचं तिला करू द्या."

सर हसले. शाळेतल्या हुशार पोराकडे बघून हसावं तसे. "बाई, तुम्ही असं म्हणता? तुम्ही? तुम्ही केवढा त्याग केलात. रेल्वेची कायमची नोकरी आनंदानं सोडलीत."

"आनंदानं सोडली हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे काय! साहेबांनीच. व्यासपीठावरून कितीदा सांगितलंय."

सांगायचे. अर्पणाच्या, म्हणजे देणगी गोळा करायच्या रविवारी हमखास सांगायचे. माझ्या पत्नीनं प्रभूसाठी हसत हसत नोकरी सोडली. मी पहिल्या बाकावर बसून मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, बाई किती नम्र!

"सर," मी म्हणाले, "मी ती सोडलेली नाही. माझी सोडवली. याच खोलीत. मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही पण होतात इथे, तरुण होतात, त्या तिथे बसला होतात."

एक जण मोबाइल काढून बघायला लागला. मला वाटलं, आता तरी काहीतरी हलेल. आता तरी कुणाला लाज वाटेल. सर अगदी हळू आवाजात, प्रेमानं म्हणाले, "तेव्हाचं ते तेव्हा झालं, बाई. पण मंडळीचं तर भलंच झालं ना? आमच्या आईला शेवटची अंघोळ तुम्ही घातलीत, मी विसरेन का? आम्हाला तुमच्यासारखीच बाई पाहिजे. काय करणार, तुम्हीच सवय लावलीत आम्हाला."

सगळे कसे आपुलकीनं हसले! शिवी दिली असती तर परवडली असती. मी माझ्या हातांकडे बघत बसले. या हातांनी जे जे केलं, ते सगळं त्या पोरीच्या आड आलं होतं. मी थोडी वाईट असते, आळशी असते, दारावर आलेल्या दहातल्या पाच जणांना हाकललं असतं, तर कदाचित आज तिला जागा मिळाली असती.

जालन्याकडचे ठरले. पुढच्या रविवारी मंडळीसमोर नाव ठेवायचं, मंडळी हात वर करते, आजवर कधी खाली ठेवलेला नाही. मी निघाले तर सर म्हणाले, "बाई, त्या दोघांना तेवढं तुम्हीच सांगाल का? तुम्हाला नीट जमतं." हेही काम माझंच!

ते दोघं बाहेर कट्ट्यावर बसले होते. मी घोळवून सांगितलं नाही. "आशिष, उपदेश तुझा सगळ्यांना आवडला. पण तुला घेत नाहीत. ही नोकरी सोडत नाही म्हणून."

आशिषनं मान हलवली. त्याचा चेहरा उतरला, ते काही लपलं नाही. स्नेहलचे डोळे भरून आले. "म्हणजे माझ्यामुळेच गेलं."

"तुझ्यामुळे नाही गं बाळा," मी म्हणाले. "माझ्यामुळे. मी सोडली होती ना, म्हणून आता सगळ्यांनी सोडायची."

तिला आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, मनमाड, तो ट्रे, ते 'आमचं ठरलंय'. ती ऐकत राहिली. आशिष मोटारसायकलपाशी गेला, हेल्मेट घेऊन आला, तिच्या हातात दिलं. "चल, तुझी ड्युटी आहे. तिथे पोचायला उशीर नको." त्याच्या आवाजात राग नव्हता. मी कान देऊन ऐकत होते, सापडला नाही.

जाता जाता स्नेहल थांबली. "आंटी, तेव्हा तुम्हाला विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नाही म्हणाले असते."

इतक्या मोठ्यानं म्हणाले, की खिडकीतून विमलताई डोकावल्या. मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. स्नेहलनं माझे दोन्ही हात धरले, दाबले आणि गाडीवर बसली.

मी बसनं सातपूरला आले. मुलगा झोपलेला होता, साहेब खुर्चीत बसून वाट बघत होते. नियमाचे पक्के असले तरी उत्सुकता असणारच ना. माझी चप्पल काढून व्हायची होती, तोवर त्यांनी विचारलं, "कुणाचं ठरलं, शीला?"

"जालन्याकडचे आहेत."

ते कुठे शिकले, आधी कुठे होते, उपदेश कसा देतात, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. पुढे वाकून म्हणाले, "बाई कशा आहेत?"

माणूस वाईट नाही माझा. आयुष्यात कधी हात उगारला नाही, कधी वाकडा शब्द बोलला नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. आता बोलावं असं मनात आलं. सगळं ओठांवर आलं होतं.

"माझ्यासारख्या आहेत," मी म्हणाले.

साहेबांचा चेहरा खुलला. खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "चला, मग मंडळीला काही कमी पडायचं नाही. जरा चहा टाकतेस का?"

मी आत गेले आणि चहा टाकला.